एकाच जातीचं भंगार

बाळा,

भंगारातून केलेल्या तुझ्या घुबडाचे फोटो पाहिले. डोळ्यांना बेअरिंग, चोचीला पक्कड, पंखांना चमचे. घरी आलेले पाहुणे जवळ जाऊन "अगंबाई, ही तर पक्कड!" म्हणतात आणि हसतात, असं तू कौतुकानं लिहिलंस. माझं दुखणं तिथेच आहे. पक्कड ओळखली की त्यांचं बघणं संपतं. घुबडाकडे परत कुणी वळत नाही.

मूळ वस्तू ओळखू येण्यात वावगं काही नाही. पिकासोनं १९४२ साली सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, त्यात सायकल कुठेही लपवलेली नाही. पण वस्तू दोनच. तुझ्या घुबडात मी एकवीस मोजल्या आणि मग नाद सोडला.

कधी चंदीगडला गेलास तर नेकचंद यांचं रॉक गार्डन बघ. फाळणीनंतर इकडे आलेला हा माणूस बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करायचा. नव्या शहरासाठी गावं पाडली होती. तिथला राडारोडा, आणि पुढे शहरानं टाकलेलं काहीबाही, तो राखीव जंगलात साठवत राहिला. १९५७ च्या सुमारास सुरुवात केली आणि पुढची जवळजवळ अठरा वर्षं सगळं चोरून. जमीन सरकारी, त्यामुळे पाडापाडीची टांगती तलवार. उघडकीला आलं तेव्हा लोक त्याच्या बाजूनं उभे राहिले आणि १९७६ मध्ये बाग सगळ्यांना खुली झाली. एवढी गोष्ट कुणीही सांगेल. तू तिथल्या रांगा बघ. फुटक्या बांगड्या अंगावर ल्यालेली एखादी मूर्ती असती तर गंमत वाटून आपण पुढे गेलो असतो. तिथे अशा मूर्तींची फलटणच उभी आहे. सिमेंटात शेजारी शेजारी बसलेले ते तुकडे काच वाटतच नाहीत, अंगावरचं कापड वाटतात.

घानात जन्मलेले आणि नायजेरियात बरीच वर्षं शिकवलेले शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची बुचं घेतात. अ‍ॅल्युमिनियमचीच. ती ठोकून चपटी करायची, दुमडायची, भोकं पाडून तांब्याच्या तारेनं एकमेकांत ओवायची. अशी हजारो बुचं जोडून भिंतभर पडदे होतात. रंग वेगळा द्यावा लागत नाही, बुचांवरचा लाल, सोनेरी, काळा असतोच. ती दारू आफ्रिकेत गोऱ्या व्यापाऱ्यांबरोबर आली आणि त्याच व्यापारात माणसंही विकली गेली, हेही त्या बुचांबरोबर येतं. चमच्याबरोबर तुझ्या घुबडात काय आलं?

एकाच जातीचा माल घ्यावा, हे आपल्याकडच्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गोधडीला जुनी सुती लुगडीच लागत. नायलॉनची साडी मध्ये घातली की थर सरकतात, धावदोरा धरत नाही.

तेव्हा भंगारवाल्याकडे दोन-चार दिवस नुसता बसून ये. पत्रा, बीड म्हणजे ओतीव लोखंड, पितळ, तांबं तो कसं वेगळं करतो ते बघ. वस्तू हातात घेतल्याबरोबर, कधी ठोकून, कधी लोहचुंबक लावून, त्याला जात कळते. तुला कळत नाही, म्हणून तुझ्या घुबडाचा बिडाचा पाय सांध्यापाशी तडकला. बीड साध्या रॉडनं वेल्डिंग केलं की बहुधा तसंच होतं. नटबोल्टनं जोड. तांबं आणि लोखंड उघड्यावर एकमेकांना चिकटवून ठेवू नकोस, पावसाळ्यात लोखंड आधी खाल्लं जातं.

आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करायचंच नाही. तरुणपणी बंद खोलीत मी ते दिवसभर केलं, रात्री हुडहुडी भरून ताप आला. घरच्यांना मलेरिया वाटला. तो जस्ताचा धूर होता. ट्यूबलाइट फोडू नकोस, आत पारा असतो. वायरीतलं तांबं काढायला वरचं प्लास्टिक तर मुळीच जाळायचं नाही, भंगाराच्या दुकानातली पोरं जाळत असली तरी.

घुबड मोडू नकोस, आईला आवडलंय म्हणालास. श्रावणात इकडे ये. येताना एकाच वस्तूची गोणी भरून आण. बुचं, किल्ल्या, चपलांचे तळवे, काहीही चालेल, पण एकच. धुवून आण, कापू मात्र नकोस. आधी अंगणात पसरून बघू.

तुझा,
सर