म्हैस व्याली, असं मी ह्यांना सांगितलं होतं

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं चार पानी पत्र मिळालं. दोनदा वाचलं. ज्याच्याशी तुझा साखरपुडा झाला तो तुरुंगात आहे, आणि ‘मावशी, मी थांबू का?’ असं तू विचारलंयस. ते मी कशी सांगू? आयुष्य तुझं आहे. पण तिसऱ्या पानावर तू सहज एक ओळ लिहून गेलीस, तिथं माझं बोट अडलं. ‘तुरुंगातल्या मुलाखतीत त्याला सांगितलंय, घरचे तयार आहेत, काळजी करू नको.’ आणि त्याच्या आधीच्याच पानावर लिहिलंयस की आईनं साखरपुड्याची अंगठी काढायला लावली आणि येत्या रविवारी दुसरं स्थळ बघायला येणार आहे.

त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितेय.

आमचं तुला वरवर माहीत आहे. २००९ च्या जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर बांधावरून भांडण झालं. ह्यांच्या हातात फावडं होतं. चुलत दीर दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले. तीन वर्षं हे कच्चे कैदी होते, म्हणजे निकाल लागायच्या आधीच आत, मग सात वर्षांची शिक्षा लागली. कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेतून वजा होतात, हे वकिलांनी सांगितलं तेव्हा मी कोर्टाच्या पायरीवर बसून बोटांवर वर्षं मोजली होती.

महिन्यातून एकदा मी मुलाखतीला जायची. पहाटेची एसटी, मग रांग, नाव नोंदवायचं, पिशवीची झडती, आणि एवढं झाल्यावर जेमतेम वीस मिनिटं. तेव्हा मध्ये जाळी होती. अलीकडे दहा बायका, पलीकडे दहा माणसं, सगळे एकदम ओरडणार. आता बऱ्याच ठिकाणी काच आणि इंटरकॉम आहे, घरबसल्या ई-मुलाखतही होते. त्या वीस मिनिटांत रडगाणं काय गायचं, असं मी मनाशी ठरवलं. ‘सगळं ठीक आहे’ हे माझं पहिलं वाक्य असायचं आणि शेवटचंही तेच.

ह्यांचा जीव म्हशीत. दर वेळी विचारायचे, गाभण राहिली का, दूध किती देते. आणि म्हैस तर मी पहिल्याच दिवाळीत वकिलाच्या फीसाठी विकली होती. ते सांगायचा धीर झाला नाही, म्हणून मी म्हणाले, गाभण आहे. पुढे म्हणाले, व्याली. रेडी झाली. जाळीपलीकडं ह्यांचा चेहरा असा उजळला की मला थांबताच येईना. ह्यांनी तिचं नाव चांदी ठेवलं. नसलेल्या रेडीला मी चार वर्षं वाढवली, बाई. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, हेसुद्धा मीच सांगितलं. थोरलीनं दहावीनंतर शाळा सोडली, सासूबाईंची नजर गेली, हे तर कधी ओठांवर आणलंच नाही.

मग फर्लो मंजूर झाली. कागदावर तिला संचित रजा म्हणतात. तिचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे म्हणजे अभिवचन रजेचे धरत नाहीत. हा फरक लक्षात असू दे, कधीतरी कामी येईल. हे घरी आले. आईच्या पाया पडायच्याही आधी पिशवी ओट्यावर ठेवून सरळ गोठ्यात गेले. दावण मोकळी. तिथं मी चुलीचं जळण रचलेलं. बराच वेळ हे त्या दावणीवर हात ठेवून उभे राहिले. सासूबाई आतून हाक मारत होत्या, कोण आलंय, कोण आलंय, आणि तेव्हा ह्यांना कळलं की आईला दिसत नाही.

दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “मी आत होतो, पण मनानं इथंच राहत होतो. तू मला भलत्याच घरात ठेवलंस.”

पोरी, इतक्या वर्षांत मला कोणी शिव्या दिल्या, कोणी वाळीत टाकलं. पण ह्या एका वाक्याइतकं काही लागलं नाही. आतल्या माणसाला स्वतःची अशी एकच गोष्ट उरलेली असते, बाहेरचं त्याचं घर. रात्री बरॅकीत पडल्या पडल्या तो त्या घरातून फिरत असतो. ते घर आपण खोटं बांधून दिलं की तो बाहेर येतो आणि त्याला दारच सापडत नाही. मग हेही बोलले. मधल्या काळात महिनाभर तुरुंगाच्या दवाखान्यात होते, मला कळवलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, सलग दोन मुलाखती का झाल्या नाहीत ते. ‘जेवण बरं आहे’ हे ह्यांचं ‘सगळं ठीक आहे’ होतं.

म्हणून या मुलाखतीत त्याला रविवारचं सांग. अंगठीचं सांग. तो हादरेल, कदाचित चिडेल, तोंड फिरवून बसेल. बसू दे. पुढच्या वेळी पुन्हा जा. आणि तुझ्या मनात थांबायचं नसेल, तर तेही त्याच्या समोर बसून सांग. भेटी कमी करत करत, फोन चुकवत हळूहळू नाहीशी होऊ नकोस. आतला माणूस दर मुलाखतीच्या दिवशी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून नाव पुकारायची वाट बघतो. न पुकारलेलं नाव फार वाईट.

आता दुसरं. त्यानं खरंच मालकाच्या गोदामातला माल लांबवला का, हे तुझ्या चार पानांत कुठं नाही. तू विचारलंच नाहीयेस, असं मला वाटतं. इंटरकॉमवर किंवा पत्रात विचारू नकोस. पत्रं तिथं उघडून वाचतात आणि खटला अजून उभा राहायचाय. पण तो बाहेर आला की, अक्षता पडायच्या आधी, विचार. माझ्या ह्यांनी एकदा जाळीतून स्वतःहून सुरुवात केली होती, “माझ्या हातनं झालं गं...” मी पुढं बोलूच दिलं नाही. म्हटलं, झालं ते झालं, भांडणात होतं. मला वाटलं, मी त्यांची बाजू घेतेय. खरं तर मला बांधापलीकडं बघायचं नव्हतं. तिथं माझी जाऊ होती, कपाळ मोकळं, पदरात दोन पोरं. माझा माणूस तुरुंगात तरी होता, महिन्याला दिसत होता. तिच्याकडं जायला मला सहा वर्षं लागली. तिनं मला घरात घेतलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पुढं पोरांच्या लग्नाकार्यात बोलणं सुरू झालं, तेवढंच.

आता कामाचं. जामीन मंजूर होऊन दोन महिने झाले तरी तो आतच आहे, कारण स्थानिक जामीनदार नाही. तो नांदेडचा, पुण्यात त्याच्यासाठी ऐपतीचा दाखला घेऊन कोण उभं राहणार? हे नशीब म्हणून सोसू नकोस. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ ला यासाठीच सूचना दिल्यात. जामिनाचा आदेश झाल्यावर सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही, तर न्यायालय आपणहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळंही सुटका रखडते, हे त्यात लिहिलंय. रकमेत कपात, रोख जामीन किंवा नुसता जातमुचलका, म्हणजे त्याचं स्वतःचंच हमीपत्र, यांपैकी काहीही मागता येतं. कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं वकील फुकट मिळतो, त्याची कमाई कोणी विचारत नाही. विधी सेवेच्या १५१०० या नंबरवर फोन केलास तरी वाट दाखवतात.

यातूनही अडलंच, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ आहे. पहिलाच गुन्हा असेल आणि त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कच्च्या कैदेत गेला असेल, तर सोडायची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही, दुसरे खटले चालू असतील तरी अडचण येते. पण तुमच्यावर तिथवर जायची वेळ येऊ नये. देशाच्या तुरुंगांत दर चार माणसांतली तीन अशीच कच्ची कैदी आहेत. रांगेत तुझ्या पुढं-मागं उभ्या असतात त्या बायकांनाही हे सांग. मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

एक आठवलं म्हणून लिहिते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून वसाहत आहे, औंध संस्थानानं १९३९ साली वसवलेली. भिंती नाहीत. शिक्षा झालेली माणसं तिथं बायकापोरांसकट राहतात, शेती करतात. ह्यांची सुटका जवळ आली तेव्हा मला कोणीतरी हे सांगितलं आणि मी त्या रात्री झोपले नाही. त्या काळातसुद्धा कुणाला तरी कळलं होतं, की माणसाला शिक्षा भोगतानाही खरं घर लागतं, चुलीचा धूर डोळ्यांत जाणारं.

आईवर रागावू नकोस. ती घाबरलीय. तिलाही खरं सांग, की तू अजून काहीच ठरवलं नाहीयेस.

शनिवारी दुपारी ये. अर्ज इथंच बसून लिहू. जामिनाच्या आदेशाची नक्कल, खटला क्रमांक आणि तुझं आधार कार्ड घेऊन ये. आणि मुलाखत त्याआधी असेल, तर काय बोललीस ते मला येऊन सांग, तो काय म्हणाला तेही.

तुझी,
मावशी