चाकातून घूं घूं आवाज

प्रश्न : हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागली. आता ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ५० च्या पुढे गेलं की पुढून घूं घूं आवाज येतो. टायर बदलू का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : इतक्यात नको. डांबरी आणि काँक्रीटवर आवाज बदलत असेल तर संशय टायरवर. ट्रेडवरून (टायरचा रस्त्याला टेकणारा नक्षीदार भाग) तळहात फिरवा, झिजेचे उंचवटे लागतील. रस्ता कुठलाही असो, आवाज तोच आणि वेगाबरोबर चढत असेल तर बहुधा बेअरिंग, म्हणजे ज्यावर चाक फिरतं तो भाग. लांब वळणावर कान द्या : डावीकडे वळताना वाढला तर उजवं चाक, कारण भार तिकडे जातो.

खात्रीसाठी मागच्या चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, पुढची बाजू जॅकस्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रल. एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवा. खरखर थेट हाताला जाणवते. चाक वर-खाली हलवून प्ले, म्हणजे ढिलेपणाही बघा, पण प्ले नाही म्हणजे बेअरिंग चांगलं, असं समजू नका.

पाणी सीलमधून शिरलं की ग्रीस बिघडतं, गंज धरतो. सीलबंद बेअरिंगमध्ये ‘ग्रीस भरून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. नवं बेअरिंग प्रेसवरच (दाबयंत्रावर) बसवून घ्या. हातोड्याने ठोकलेलं लवकरच पुन्हा घुमू लागतं. अ‍ॅक्सलच्या टोकाचा नट नवाच, आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) आवळलेला.