प्रश्न तुमचे : कलावंतांचं खासगीपण आणि कॅमेरे

प्रश्न : मी मालिकांमध्ये काम करते. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून कुणीतरी मी घरच्या गॅलरीत बसलेले असताना फोटो काढले आणि ते एका गॉसिप पेजवर आले. तक्रार करायला गेले तर "प्रसिद्ध माणसांना एवढं सोसावंच लागतं" असं ऐकावं लागलं. हे खरं आहे का? (एक अभिनेत्री, ठाणे)

अजिबात नाही. १९९४ च्या राजगोपाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की माणसाचं घर, लग्न, कुटुंब, मातृत्व यांविषयी त्याच्या संमतीशिवाय काही छापता येत नाही, मग ते खरं असो वा खोटं. सार्वजनिक नोंदींतली माहिती, स्वतःहून वादात उतरलेली व्यक्ती आणि सरकारी पदाधिकाऱ्याचं कामकाज यांना त्यात अपवाद आहे. गॅलरीत चहा पिणं यांपैकी कशातही बसत नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने ठरवलं. नट-नट्यांना त्यातून वगळलेलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलिया भट्ट यांचेही घरात बसलेले असतानाचे फोटो शेजारच्या इमारतीवरून काढले गेले होते, तेव्हा त्यांनी जाहीरपणे मुंबई पोलिसांचं लक्ष वेधलं.

अडचण येते ती कलम लावताना. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ चोरून पाहण्या-टिपण्याबद्दल आहे. पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षांची कैद आहे. पण ते अंतर्वस्त्रांतली किंवा त्याहून उघडी अवस्था, स्वच्छतागृह किंवा लैंगिक कृती एवढ्यापुरतंच. साध्या कपड्यांतल्या फोटोला ते लागत नाही, आणि तक्रार बहुधा इथेच अडते. कलम ७९ मध्ये स्त्रीच्या खासगीपणात घुसखोरीचा उल्लेख आहे, पण विनयभंगाचा हेतू दाखवावा लागतो. त्यामुळे तुमच्या बाबतीत खरा रस्ता दिवाणी न्यायालयाचा : मनाई हुकूम, फोटो काढून टाकण्याचा आदेश आणि नुकसानभरपाई. फोटोग्राफर परवानगीशिवाय गच्चीवर चढला असेल, तर ती सोसायटी त्याच्याविरुद्ध अतिक्रमणाची तक्रार करू शकते. सोसायटीच्या सचिवांना लगेच लेखी कळवा आणि गच्चीकडच्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवायला सांगा, कारण बहुतेक ठिकाणी काही दिवसांत जुन्यावर नवं चित्रण चढतं.

त्याच दिवशी पुरावा गोळा करा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. प्रत्येक पोस्टची पूर्ण लिंक, तारीख, वेळ, खात्याचं नाव आणि मूळ फाइल ठेवा. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या प्रतीचा दर्जा उतरतो आणि फाइलमधली माहितीही पुसली जाते. न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचा हॅश क्रमांक, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेली तिची ओळखखूण, येतो.

मग समाजमाध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत दुसऱ्याच्या खासगीपणावर आक्रमण करणारा मजकूर स्पष्टपणे निषिद्ध आहे. पेजचं नुसतं नाव देऊ नका, एकेका पोस्टची लिंक द्या. लिंक नसली की अर्ज "अपुरा" म्हणून परत येतो. पोच २४ तासांत मिळायला हवी. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील होतं. आणि कळकळीची विनंती : निषेध करताना तोच फोटो पुन्हा टाकू नका. पसरायचा थांबलेला फोटो त्यानेच पुन्हा फिरू लागतो.

प्रश्न : घरात मृत्यू झाल्यावर वाहिन्यांचे कॅमेरे दारात उभे राहतात. दाद कुठे मागायची? (एका नाट्यकर्मीचे बंधू, पुणे)

न्यूज ब्रॉडकास्टर्स अँड डिजिटल असोसिएशन या वृत्तवाहिन्यांच्या संघटनेच्या सदस्य वाहिनीबाबत आधी त्या वाहिनीलाच लेखी तक्रार द्यावी लागते, तीही प्रक्षेपणापासून सात दिवसांत. दुःखात हे सात दिवस हातचे जातात, म्हणून घरातल्या एकाने हेच काम अंगावर घ्यावं. उत्तर पटलं नाही तर १४ दिवसांत या संघटनेच्या तक्रार प्राधिकरणाकडे जाता येतं. दैनिक किंवा साप्ताहिकाविरुद्ध आधी संपादकांना पत्र, मग दोन महिन्यांच्या आत प्रेस कौन्सिल. कौन्सिल ताशेरे ओढू शकतं, दंड करू शकत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०२१ चा निकाल तक्रारीसोबत जरूर जोडा. सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतरच्या वार्तांकनावरून तो आला. आत्महत्येच्या बातमीत मृताला दुबळ्या मनाचा ठरवू नये, साक्षीदार आणि कुटुंबीयांच्या मुलाखतींतून तपासात ढवळाढवळ करू नये, अशी बंधनं त्यात घातली आहेत.

प्रश्न : विमानतळावर काढलेले कलाकारांचे फोटो मी माझ्या पेजवर वापरतो. चालतं ना? (वाचक, सांगली)

खासगीपणाचा प्रश्न इथे कमी, कारण जागा सार्वजनिक आहे आणि अनेकदा कलाकारांच्या प्रसिद्धी चमूनेच फोटोग्राफरना बोलावलेलं असतं. पण फोटोचा कॉपीराइट तो काढणाऱ्याचा किंवा त्याच्या संस्थेचा असतो. नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. त्याच फोटोवर दुकानाची जाहिरात चढवली तर कलाकारही तुम्हाला न्यायालयात खेचू शकतो. आणि त्यांच्या मुलांचे फोटो टाकू नका. एप्रिल २०२३ मध्ये एका अभिनेत्याच्या अल्पवयीन मुलीच्या प्रकृतीबद्दल खोटे व्हिडिओ फिरले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ते काढायला लावले आणि प्रत्येक मुलाला, मग ते कुणाचंही असो, सन्मानाने वागवलं पाहिजे, असं बजावलं.

प्रश्न : गायकाच्या आवाजाची नक्कल एआयने केली तर? आणि कलावंत हयात नसेल तर? (संगीत विद्यार्थिनी, कोल्हापूर)

जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंह यांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने संमतीशिवाय त्यांचा आवाज, नाव आणि छबी वापरायला अंतरिम मनाई केली. मंचावरची नकला-विडंबनं यात अडकत नाहीत. व्यापारासाठी केलेला वापर अडकतो. मृत्यूनंतर मात्र हक्क आक्रसतो. सुशांतसिंह यांच्या वडिलांच्या दाव्यात २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खासगीपणा आणि प्रसिद्धीचा हक्क वारसांकडे जात नाही असं म्हटलं. वारसांच्या हाती मग कॉपीराइट, करार आणि बदनामीचे दावे उरतात, म्हणून कलावंतांनी हयातीतच आवाजाच्या वापराबद्दल करारात स्वतंत्र कलम घालून घ्यावं.