रेस्टॉरंटमध्ये बिलाचा आणि किचनचा प्रिंटर बसवताना काय बघावं?

काउंटरवर बिलासाठी एक आणि किचनमध्ये ऑर्डरसाठी एक असे दोन प्रिंटर लावायचे आहेत, दोन्ही वायफायचे घेतले तर चालतील का, असं तुम्ही विचारलंय. बिलिंगची यंत्रणा बसवून देणं हेच माझं काम आहे, म्हणून आधी थेट सांगतो: काउंटरवर काहीही चालेल, किचनपर्यंत मात्र वायरच ओढा.

बिल निघालं नाही तर गिऱ्हाईक समोरच उभं असतं, लगेच कळतं. केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, निघाली नाही तर कुणालाच पत्ता लागत नाही. वेटरला वाटतं ऑर्डर आत गेली, आतल्यांना वाटतं अजून ऑर्डरच आलेली नाही, आणि टेबलावरची माणसं ताटकळत बसतात.

हे माझ्याच हातून घडलंय. किचनचा प्रिंटर नेटवर्कला जोडला, टेस्ट प्रिंट नीट आली आणि मी निघालो. आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर प्रिंटर शोधायचा आकडा, मात्र राउटर देईल तोच राहू दिला होता. काही दिवसांनी ऐन गर्दीत वीज जाऊन आली, राउटरने प्रिंटरला दुसराच पत्ता दिला आणि सॉफ्टवेअर जुन्या पत्त्यावर ऑर्डरी पाठवत राहिलं. मी धावत जाऊन पत्ता जुळवला, तर अडकलेल्या सगळ्या केओट्या एकापाठोपाठ बाहेर पडल्या. त्यातल्या बऱ्याच ऑर्डरी तोवर हाताने लिहून आत दिल्या होत्या. त्याच पुन्हा शिजायला लागल्या. त्या आचाऱ्यांचे चेहरे अजून आठवतात.

म्हणून पत्ता कायमचा करून घ्या. बहुतेक प्रिंटरमध्ये फीडचं बटण दाबून धरून पॉवर चालू केली की सेल्फ-टेस्टची चिठ्ठी निघते. नेटवर्कच्या प्रिंटरचा आयपी आणि मॅक पत्ता (त्या यंत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक) बहुधा तिच्यावरच छापलेला असतो. राउटरमध्ये त्या मॅकसाठी तो आयपी राखून ठेवा. सॉफ्टवेअरने पोर्ट नंबर विचारला तर बहुतेक वेळा ९१०० द्यायचा. पत्ता पेनाने साध्या कागदावर लिहून प्रिंटरला चिकटवा, कारण थर्मल, म्हणजे उष्णतेने छापलेल्या, चिठ्ठीवरची अक्षरं काही महिन्यांत पुसट होतात.

किचनसाठी शक्यतो ७६ मिमीच्या साध्या कागदावर रिबनने छापणारा डॉट मॅट्रिक्स घ्या. थर्मल कागद उष्णतेनेच छापला जातो, त्यामुळे शेगडीजवळ टांगलेली चिठ्ठी काळी पडून वाचता येत नाही. शिवाय दुरंगी रिबन असेल तर रद्द केलेला पदार्थ लाल रंगात छापता येतो आणि या प्रिंटरचा खरखर आवाज आतल्या गडबडीतही ऐकू जातो. थर्मलच लावायचा असेल तर आचेपासून लांब ठेवा आणि बझर असलेला घ्या.

काउंटरवर ८० मिमीचा यूएसबी थर्मल पुरे. त्यात एका ओळीत ४२ ते ४८ अक्षरं बसतात. ५८ मिमीत साधारण ३२च, मग पदार्थाचं नाव तुटतं आणि रक्कम खालच्या ओळीत जाते. यूएसबीची वायर ज्या पोर्टात आहे त्यावर खूण करा. साफसफाईत ती दुसऱ्या पोर्टात गेली की विंडोज बरेचदा त्याला नवा प्रिंटर समजतं आणि बिलं जुन्याच नावाकडे जात राहतात. मागे गल्ल्याच्या ड्रॉवरसाठी टेलिफोनच्या सॉकेटसारखं एक भोक असतं, तिथे नेटवर्कची वायर खुपसू नका. त्यातून ड्रॉवर उघडायला व्होल्टेज येतं.

रोल घातल्यावर कोरा कागद बाहेर आला तर रोल उलटा बसलाय. नखाने ओरखडा काढा, जी बाजू काळी होते ती छपाईच्या डोक्याकडे हवी. देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर प्रिंटरमध्ये तो फॉन्ट नाही. सॉफ्टवेअरमधून मजकूर चित्र म्हणून पाठवा, छपाई थोडी संथ होईल पण नीट येईल.

एक गोष्ट मी आता कधीच चुकवत नाही. दार उघडण्याआधी किचनच्या प्रिंटरची वायर मुद्दाम काढतो, एक ऑर्डर पाठवतो आणि काउंटरच्या पडद्यावर काही इशारा येतो का बघतो. येत नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये पर्यायी प्रिंटर म्हणून काउंटरचा नेमतो, म्हणजे केओटी निदान तिथे तरी निघते. वायर परत जोडण्याआधी अडकलेल्या प्रिंट रद्द करतो.