वाचकांचे प्रश्न : गॅलरीसकट घर हवंय

प्रश्न : ताई, नौपाड्यातली आमची तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आहे. दिवाळीनंतर घरं रिकामी करायची. नववीतल्या मुलाने मामाच्या आयफोन प्रोवरच्या लायडारने, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरने, आमचा मजला स्कॅन करून माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळात टाकला. पण गॅलरी दिसतच नाही, भिंती करवतीच्या दात्यांसारख्या आणि कपाटाच्या आरशामागे नसलेलीच एक खोली! पोरगा हिरमुसलाय. काही करता येईल का?
– एक आई, नौपाडा, ठाणे

उत्तर : येईल, पण दिवाळीच्या आतच करा. मी सीवूड्सला राहते, सर्व्हेचं काम करते. रोज हातात असतं ते हेच.

आधी गॅलरीचं. माइनक्राफ्टचा एक ठोकळा म्हणजे एक मीटर लांब, रुंद आणि उंच. तुमची गॅलरी चार फुटांची असणार, म्हणजे साधारण १.२ मीटर. एका बाजूला भिंतीचा ठोकळा, दुसऱ्या बाजूला कठड्याचा, मध्ये उरलं काय? नऊ इंची भिंतही मीटरभर जाड झाली. चूक मुलाची नाही, मापाची आहे.

एका मीटरला चार ठोकळे घेतले तर नऊ इंची भिंत बरोबर एका ठोकळ्यात बसते. पण खेळातला माणूस १.८ ठोकळे उंच, तो त्या घरात ४५ सेंटिमीटरचा होईल. मांजरासारखं फिरावं लागेल. म्हणून मी मीटरला दोन ठोकळे सांगेन. ठोकळे आठपट लागतील, एका मजल्यासाठी ते काहीच नाही. मग खेळातला माणूस ९० सेंटिमीटरचा, कठडा त्याच्या डोक्याएवढा. दोन-तीन वर्षांचा असताना तुमच्या मुलाने ती गॅलरी याच उंचीवरून पाहिली असेल. मला तरी हे माप फार आवडतं.

भिंती दातेरी झाल्या, कारण इमारत खेळातल्या चौकटीला तिरकी बसली आहे. क्लाउडकम्पेअर नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, बिंदूंचा ढग (स्कॅनमध्ये मोजलेले सगळे बिंदू) त्यात उघडा आणि गॅलरीची लांब भिंत अक्षाला समांतर येईपर्यंत फिरवा. ठोकळे करायचे ते त्यानंतरच. बऱ्याच स्कॅनमध्ये उंची झेड अक्षावर असते, माइनक्राफ्टमध्ये वायवर. ती अदलाबदल राहिली की घर आडवं पडतं. मुलाला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर माइनक्राफ्टचं जग बदलणाऱ्या अॅम्युलेट या साधनाच्या मदतीने ठोकळे मांडता येतील. एखादा चुकार बिंदू पडला म्हणून तिथे ठोकळा उभा करू नये. किती बिंदू पडले की ठोकळा धरायचा, ते दोन-तीनदा करून पाहून ठरवा.

आता स्कॅन पुन्हा करा. आरशावर चादर टाका. लेझर आरशावरून परततो आणि फोनला वाटतं की खोली पलीकडेही आहे. दोरीवरचे कपडे काढा, नाहीतर वाळत घातलेल्या साडीची भिंत होते. फोनच्या लायडारचा पल्ला पाचेक मीटरच, म्हणून एकेक खोली वेगळी घ्या, दार दोन्ही स्कॅनमध्ये येऊ द्या. सावकाश चाला आणि निघालात तिथेच परत येऊन थांबा. लांब गॅलरी एका दमात घेतली की हळूहळू वाकत जाते.

रंग मात्र हातानेच भरा. सावलीमुळे एकाच भिंतीला यंत्र तीन रंग देतं. खाली निळा ऑइल पेंट, वर चुना, हे मुलाला तोंडपाठ असेल.

आणि एक अगदी कळकळीने सांगते. मूळ स्कॅनची फाइल पुसू नका. बेलापूर गावातलं आमच्या आजीचं कौलारू घर पाडण्याआधी मी ऑफिसचा स्कॅनर मागून आणून स्कॅन केलं होतं. ठोकळ्यांचं घर झालं आणि जागा खाते म्हणून मी मूळ फाइल काढून टाकली. पुढे आजीने विचारलं, "माजघरातला कोनाडा कुठे गं?" वीतभर रुंद कोनाडा, त्यात रोज संध्याकाळी दिवा असायचा. स्कॅनमध्ये त्याची काजळीसुद्धा दिसत होती. ठोकळ्यांमध्ये तिथे नुसती भिंत. दोन पेनड्राइव्हवर ठेवा, एक मामाकडे द्या.

प्रश्न : पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी माइनक्राफ्टमध्ये एकास एक मापात करायची आहे. डेटा कुठला घ्यावा?
– एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : डेन्मार्कच्या सरकारी नकाशा खात्याने २०१४ मध्ये अख्खा देश असा उतरवला, कारण विमानातून लेझरने मोजलेली उंची त्यांच्याकडे होती. तुम्ही फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने घेतलेला एसआरटीएमचा मोफत डेटा घ्या. दर ३० मीटरला एक उंची, म्हणजे ९०० ठोकळ्यांमागे एक. डोंगराला पुरतं, इमारतींना नाही. त्यातून करड्या छटांचा उंचीनकाशा करा आणि माइनक्राफ्टची जमीन घडवणाऱ्या वर्ल्डपेंटर या सॉफ्टवेअरमध्ये घाला. खेळात समुद्रपातळी ६३ च्या आसपास आणि छत ३२० वर, त्यामुळे डोंगराला अडीचशे मीटर मिळतात. खाडीकाठची खारफुटी जमिनीच्या उंचवट्यासारखी दिसेल, कारण ते रडार बरंचसं झाडांच्या शेंड्यांवरूनच परततं. तो पट्टा हाताने पाण्याच्या पातळीला आणा आणि झाडं नंतर लावा.