गोचीडाचा जीनोम आणि आपला गोठा

प्रश्न: ताई, आम्ही इंदूरजवळ राऊला असतो, गोठ्यात ४ होल्स्टीन संकर आणि २ माळवी गाई. डेल्टामेथ्रिन हे गोचीड मारायचं औषध फवारलं तरी संकर गाईंवरचे गोचीड जातच नाहीत, माळवीवर अगदीच कमी. मुलगा म्हणतो जीनोमवरून, म्हणजे गोचीडाच्या सगळ्या डीएनएवरून, उपाय निघेल, खरंय का?

उत्तर: दादा, मुलगा बरोबर बोलतोय, पण धीर लागेल. एक मादी २-३ हजार अंडी घालते, मग औषधातून जे वाचले त्यांचीच पिल्लं गोठाभर होतात आणि त्यांच्या सोडियम चॅनलच्या (हे औषध गोचीडाच्या नसांत जिथे काम करतं तो भाग) जीनमधे बदल असेल तर डेल्टामेथ्रिन लागूच पडत नाही, डीएनए टेस्टमधे हे दिसतं. गोचीडातून गाईत जाऊन ताप आणणारा परजीवी थायलेरिया, त्याचा जीनोम २००५ला वाचला, २०२०मधे गोचीडांच्या ६ जातींचे, आता त्यातूनच लसीसाठी प्रथिनं शोधतायत. बीएम८६ या गोचीडाच्या आतड्यातल्या प्रथिनाची लस तर १९९०च्या दशकातच आली, लसीमुळे गाईच्या रक्तात झालेल्या अँटिबॉडी (संरक्षक प्रथिनं) रक्त पिणाऱ्या गोचीडाचं आतडंच खराब करतात, मला हे फार भारी वाटतं! देशी गाईंची ताकद पिढीजात असते, म्हणून माळवी जपाच हो.

सध्या डॉक्टरांना विचारून औषधाचा गट बदला, भिंतीच्या फटी लिंपून घ्या, आणि ताप येऊन खांद्यापुढच्या गाठी सुजल्या तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा, संकर गाय थायलेरियात पटकन जाते.