फिश टँकच्या सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) मेकॅनिकल फिल्टरेशन, म्हणजे घाण गाळायची सोय, कसं बसवायचं? सॉक (गाळायची पिशवी) घ्यावा की फ्लॉस (कापसासारखा थर), आणि साफ किती दिवसांनी करायचं?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे, “सम्प एकदा नीट बसला की सहा-सहा महिने हात लावायचा नसतो, असं एक अनुभवी गृहस्थ सांगतात.” हे गृहस्थ नाशिकला सिडकोत राहतात का? राहत असतील तर ते आमचे साडूभाऊ. नसले तरी उत्तर बदलत नाही. साफ चूक आहे.

मी अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, ग्राइंडिंग मशीनच्या कूलंटचं (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) फिल्टरेशन बघणं हे माझं पोटापाण्याचं काम. फिल्टर पेपरवर बसलेला गाळ वेळेत बाहेर काढला नाही, तर सुट्टीनंतरच्या पहिल्या शिफ्टला कूलंट असा नासका वास मारतं की ऑपरेटर आधी आम्हाला शिव्या घालतो आणि मग मशीन चालू करतो. सम्पचंही तेच. सॉकमध्ये अडकलेली घाण तुम्हाला दिसेनाशी झाली, एवढंच. टँकमधलं सगळं पाणी दिवसभर तिच्यातूनच फिरतंय. ती तिथेच कुजते, अमोनिया सुटतो, त्याचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट. केर सुपलीत भरून सुपली दाराआड ठेवली तर घर झाडलं म्हणाल का?

बसवायचं म्हणाल तर ओव्हरफ्लोचं, म्हणजे टँकमधून ओसंडून खाली येणारं, पाणी जिथे पडतं तिथेच, म्हणजे पहिल्या चेंबरमध्ये. आधी जाड भोकांचा स्पंज, मग बारीक, सगळ्यात शेवटी फ्लॉस. त्यानंतर बॅक्टेरियांना राहायला सच्छिद्र रिंग्ज किंवा लाव्हा रॉक आणि शेवटी पाणी परत टँकमध्ये चढवणारा रिटर्न पंप. फ्लॉस आधी आणि स्पंज नंतर लावणारे लोक मी पाहिलेत, त्यांचा फ्लॉस दोन दिवसांत पापड होतो. सॉक घेणार असाल तर 200 मायक्रॉनचा पुरतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). 100 चा घेतला तर पाणी जास्त चकाकतं, पण तुंबतोही लवकर. फेल्टपेक्षा नायलॉन जाळीचा धुवायला सोपा.

आता महत्त्वाचं, जे दुकानात कुणी सांगत नाही. मेकॅनिकल मीडिया, म्हणजे स्पंज, फ्लॉस, सॉक, तुंबणारच, ते त्याचं कामच आहे. त्यामुळे तुंबल्यावर पाणी कुठून जाईल, याची वाट आधीच ठेवायची. माझ्या सम्पमध्ये फ्लॉसच्या ट्रेला एका बाजूने दोन बोटं फट आहे. फ्लॉस भरला की पाणी वरून त्या फटीतून पुढे जातं. न गाळलेलं जातं, पण जातं.

आम्ही धुळ्याला एका लग्नाला गेलो होतो, किल्ली साडूभाऊंकडे. त्यांना दिसलं की ट्रेच्या कडेने पाणी खळखळ करत फटीतून पडतंय. त्यांच्या मते तो लीकेज होता. त्यांनी काय करावं? दुधाच्या पिशव्या कापून, पॅकिंगची चिकटपट्टी लावून ती फट चारही बाजूंनी बंद केली. आवाज थांबला. मला फोन करून सांगितलं, “साडूभाऊ, तुमच्या सेटिंगमधला फॉल्ट काढला बरं का.” मी लग्नाच्या बँडजवळ उभा, मला वाटलं नळाबिळाचं सांगतायत.

फ्लॉस आधीच भरत आलेला, त्यात ऑस्कर माशाला दिवसातून तीनदा खाणं. पहिल्या चेंबरमध्ये पाणी चढत गेलं आणि सम्पच्या काठावरून कॅबिनेटमध्ये उतरलं. तिकडे रिटर्न चेंबर रिकामं, पंप कोरडा फिरून जळाला. परत आलो तर प्लायवूडचं दार फुगून बंदच होईना. फ्लॉस उचलला तर खाली बोटभर जाडीचा तपकिरी लगदा आणि सडक्या अंड्यासारखा वास. नायट्रेटची टेस्ट लालभडक. एअर पंप वेगळ्या प्लगवर होता म्हणून मासे वाचले.

त्यावर साडूभाऊंचा निष्कर्ष, “तुमच्या त्या कापसामुळेच झालं. माझ्या टँकमध्ये कापूसच नाही, बघा कसा मस्त चाललाय.” मस्त चाललाय खरा. दर दिवाळीला नवे गोल्डफिश आणतात, जुन्यांचं काय झालं ते कुणी विचारत नाही.

त्यांचा दुसरा आवडता मुद्दा म्हणजे धुतलं की अमोनियाचं नायट्रेट करणारे कामाचे बॅक्टेरिया मरतात. अहो, बॅक्टेरियांचं घर रिंग्जमध्ये आहे. फ्लॉसवर घाण साचली की ती कुजवणारे जंतूच ऑक्सिजन खाऊन टाकतात, तुमच्या कामाच्या बॅक्टेरियांच्या वाट्याला काय उरणार? तेव्हा फ्लॉस आठवड्याला फेकून नवा घाला, सॉक तीन-चार दिवसांनी बदला. सॉकचे दोन जोड ठेवायचे. काढलेला उलटा करून नळाच्या धारेखाली धुवायचा, साबण अजिबात नाही, आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवायचा.

एक सांगायचं राहिलं. तुमच्याकडे रिंग्ज वगैरे काही नसून नुसता स्पंजच असेल, किंवा टँक नवा असेल, तर साडूभाऊ अर्धे बरोबर आहेत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याने स्पंजमधले बॅक्टेरिया मरतात. तो स्पंज पाणी बदलताना काढलेल्या टँकच्याच पाण्यात पिळा, तोही एका वेळी अर्धाच. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तर सॉककडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. मातीचा तो कण काही मायक्रॉनचाच असतो, 200 च्या जाळीतून आरामात निघून जातो. पिंपात निवळू द्या, मगच टँकमध्ये घाला.

आणि लाइट गेल्यावर वरचं पाणी खाली येतं, तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी हवीच. 4 फूट बाय 1.5 फुटाच्या टँकमध्ये पातळी एक इंच उतरली तरी सुमारे 14 लिटर खाली येतं. एकदा स्वतः प्लग काढून बघा, म्हणजे कळेल.

गावाला जाणार असाल तर निघण्याआधी फ्लॉस काढून ठेवा, नुसता जाड स्पंज राहू द्या. पाणी थोडं धुरकट होईल, तुंबणार मात्र नाही. खाण्याच्या एकेका वेळच्या पुड्या बांधून द्या, अख्खा डबा देऊ नका. आणि कॅबिनेटला कुलूप लावा.